नखाएवढी कोरी जागा

मंगळवार, संध्याकाळ

वश्या असं करेल? अजून पटत नाही. वीस वर्षं त्याच्या शाहूपुरीतल्या दुकानात बसून आम्ही दोघं गल्ल्यातली चिल्लर चाळतो, टाकसाळीत चुकलेली नाणी शोधतो. डोळे माझे, पारख त्याची.

दिवाळीच्या आधी मला पाचाचं पिवळं नाणं सापडलं होतं. छाप एका बाजूला सरकलेला, कडेला नखाएवढी कोरी जागा. लक्ष्मीपूजनाला आमच्या हिनं बाकीच्या नाण्यांबरोबर तेही चिंचेनं घासून लख्ख केलं. वश्या म्हणाला, "किरकोळ चूक हाय लेका. त्यात घासलंयसा. कोण इचारत न्हाय. खर्चून टाक." टाकलं. त्याच्याच दुकानात, एका पेनासाठी.

आज तो चहा सांगायला बाहेर गेला आणि मी त्याचा नाण्यांचा अल्बम उघडला. तीच नखाएवढी कोरी जागा. चिंचेची तीच लकाकी.

आल्यावर विचारलं, "हे काय वश्या?"

"अरं, किंमत न्हायच की त्याला. मला आवडलं, म्हणून ठेवलं."

खोटं बोलला असता तर भांडलो तरी असतो. पण मलाही ते आवडलंच होतं ना? ते त्याला दिसलं नसेल? चहा तसाच सोडून उठलो.

येताना भाजीवालीनं दिलेल्या सुट्ट्यात एक रुपया आला. आकडा जरासा दुहेरी उमटलेला. किरकोळच. उद्या वश्याला दाखवू, असं आधी मनात आलंच. मग कपाटात ठेवून दिला. वीस वर्षांत पहिल्यांदा, त्याला न विचारता.