हंस नौकेत बसत नाही

गुरुवार, संध्याकाळी

आजच्या सरकारी पत्रात ‘जिवरक्षक’ असं छापलं आहे. शासनाने प्रजेचा जीव असा ऱ्हस्व करावा, याचा मी नगरपरिषदेच्या साहेबांकडे निषेध नोंदवला. त्यांनी हसून चहा सांगितला.

मग मुद्दा. आमच्या तलावावर पायडलच्या हंसबोटी आहेत. तिथल्या निम्म्या जीवरक्षक जाकिटांची बकलं तुटलेली, सुतळीनं बांधतात. तलाव समितीचा सभासद म्हणून हे साहेबांच्या कानावर घालणं, एवढंच माझं बिनपगारी काम.

“गुरुजी, नियमात इंजिनाची नौका येते. हंस खेळण्यांत येतो. ते खातं वेगळं.”

“माणसाला पाण्यावरून नेते ती नौका, साहेब. व्युत्पत्तीनं हंसही नौकाच.”

“व्युत्पत्तीचा जीआर हाय का?”

परतताना तलावावर थांबलो. बोटवाले रहीमभाई म्हणाले, “गुरुजी, लई घोर लावून घेतलाय तुम्ही. निलंग्याचे पाव्हणे आलते, एकानंबी जाकीट मागितलं न्हाई. फोटोत जाड दिसतो म्हणे.”

हसलो मी. सुतळी होती तशीच होती. बकलंही.

मागच्या तपासणीच्या अहवालात ‘जाकिटे सुस्तिथीत’ असं टंकलेलं होतं. मी लाल शाईनं ‘सुस्थितीत’ केलं आणि खाली समितीतर्फे सही ठोकली. शब्द तपासला, जाकिटं पाहिली ती नंतर. आज अहवाल परत मागितला, तर तो वर गेलाय म्हणे.

रविवारी तलावावर गर्दी असते. कुणीतरी बुडेल, आणि माझ्या सहीच्या भरवशावर बुडेल, याची मला भीती वाटते.