कसारा घाट उतरताना

घोडपदेव, रविवार

रूपेश,

तुझा ट्रक मी विकला नाही. चालवायला शिकले. शिकवलं तुझ्या बाबांनी. तू गेल्यापासून ते स्टिअरिंगला हात लावत नाहीत, पण शेजारी बसून सांगतात. माझगावच्या चढावर मुद्दाम ट्रक थांबवायला लावायचे आणि मागे न घसरता पहिल्या गिअरमध्ये पुन्हा उचलायला सांगायचे. माझ्या हातून तो बंदच पडायचा. बाबा एकदाही ओरडले नाहीत. तुझ्यावर फार ओरडायचे, असं तू सांगायचास.

आज नाशिकहून कांदा भरून आम्ही कसारा घाट उतरलो. तुझा अपघात झाला ते वळण बाबा मला दाखवणार होते. तिथे हात जोडायचे, असं मी घरून ठरवून निघाले होते. उतार लागण्याआधी बाबा म्हणाले, "दुसरा टाक. आता क्लचवर पाय नको, गाडी मोकळी सुटेल." पुढे मी फक्त रस्ता पाहिला आणि इंजिनाचा आवाज ऐकला.

घाट संपल्यावर विचारलं, "बाबा, ते वळण?"

"मगाशीच गेलं."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुझा पाय क्लचवर गेला असता, दुर्गा."

मी ट्रक कडेला घेतला. बाबा खिडकीबाहेर बघत बसले आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. तुझ्या इतक्या जवळून गेले रे, आणि मला कळलंसुद्धा नाही.

अजून तुझीच,
दुर्गा