पिकअपवरची गोल्फगाडी आणि आईची जपमाळ

तळ्याकाठचा कॅम्प,
कार्निव्हलचा रविवार

प्रिय झुल्माताईस,

धाकट्या अझेलीचा नमस्कार. वाकून करायला हवा, पण माझे गुडघे वाकत नाहीत, आणि वाकले तर परत सरळ होत नाहीत. तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या केलेला गोड मानून घे. तुझी तब्येत, तुझ्या कोंबड्या, अंगणातलं संत्र्याचं झाड आणि तुझा राग हे सगळं जागच्या जागी असेल अशी आशा करते. मी सांगते आहे आणि नात नोएली लिहिते आहे. शाळेत आपली घरची फ्रेंच बोललं की छडी मिळायची तेव्हा तू छड्या खात चिकटून राहिलीस आणि अक्षरं शिकलीस. मी चौथ्या दिवशी कोळंबी सोलायला पळाले, ते आजतागायत दुसऱ्यांच्या हाताने लिहिते. (नोएली मला न विचारता कंसात काहीबाही घालते. मी गप्प झाले तरी तिचं पेन चालूच असतं, त्यावरून कळतं.) (मी काही घालत नाही. — नोएली)

फोन का केला नाही, असं तू म्हणशील. फोनवर तू मधे बोलतेस, आणि ही हकिकत मधे कुणी न बोलता ऐकायची आहे. समोर का आले नाही, हे शेवटपर्यंत वाचलंस की कळेल. ओनेझिम हे पत्र तुझ्या पेटीत टाकून लगेच निघेल. त्याला अडवू नकोस, मुलगा माझा असला तरी चूक त्याची नाही.

आधी तुझ्या प्रश्नाचं. आईची जपमाळ. माझ्या न्यूमोनियात तू ती मला दिलीस त्याला तीन वर्षं झाली, आणि या तीन वर्षांत तू मला एकही पत्र असं पाठवलं नाहीस ज्यात माळेचं नाव नव्हतं. आता पंधरा दिवसांनी तुझ्या कमरेचं ऑपरेशन, आणि माळ हातात असल्याशिवाय टेबलावर चढणार नाही, असं तू डॉक्टरला बजावलं आहेस. बिचारा घाबरून त्याच्या आईला विचारून आला म्हणे. तर ऐक, माळ घेऊनच मी घरून निघाले होते. हरवू नये म्हणून गळ्यात घातली होती. मंगळवारी कार्निव्हल उरकलं की स्वतः येऊन तुझ्या हातात देणार होते. ‘होते’वर अडकून बसू नकोस, पुढे वाच.

तर सगळ्याचं मूळ माझी गोल्फगाडी, ती बॅटरीवर चालणारी छोटी. गेल्या वर्षी या कॅम्पवर मी ट्रेलरच्या पायरीवर बसून चार दिवस काढले. सगळं जग आपापल्या गाड्यांतून समोरून टाटा करत जात होतं. कुणाकडे गंबो शिजतंय, कुणाची सून रुसलीय, मला काही कळेना. म्हणून यंदा मी जाहीर केलं की गाडी येणार नसेल तर मीही येणार नाही. ओनेझिमने डोकं खाजवलं. मागे ट्रेलर जोडायचा (तुला ठाऊक आहे, ते आमचं चाकांवरचं घर, संडास आणि कुरकुरणाऱ्या पलंगासकट), म्हणजे गाडी ओढायला दुसरं काही जोडता येत नाही. तेव्हा गाडी पिकअपच्या पाठीवर चढवायची असं ठरलं. गल्लीतल्या सात पुरुषांनी सात सल्ले दिले, त्यातला एकही गाडी मोजून दिलेला नव्हता. गाडी चढली, पण वीतभर बाहेर राहिली, म्हणून मागचा फाळका उघडाच ठेवला आणि सगळं पट्ट्यांनी असं आवळलं की ओनेझिमचा चेहरा जांभळा पडला. त्यात मागून ट्रेलरचा भार. पिकअपचा मागचा भाग असा बसला की पुढचे दिवे आभाळाकडे बघायला लागले. मी म्हटलं, बरंय, चर्चला जाणाऱ्या गाडीसारखी दिसते. ओनेझिम म्हणाला, आई, स्टिअरिंग हलकं लागतंय. मी म्हटलं, मग हळू चालव. तो चाळीसच्या वर गेला नाही. आमच्या मागे एवढ्या गाड्या साचल्या की नोएली म्हणाली, आपण मयतीला चाललोय असं वाटतंय.

तुमच्या ग्रांशेन गावाच्या वेशीवरच्या पेट्रोलपंपावर ओनेझिमने पिकअप करकचून वळवली. उघडा फाळका गेला आणि ट्रेलर टेकवायच्या जॅकच्या दांड्यावर आदळला. आवाज असा झाला की आतल्या बाईने कॅशचा गल्ला बंद केला. फाळका वाकला, दांडा वाकला, ओनेझिमने जे काही म्हटलं ते नोएली लिहीत नाही म्हणते. फाळका ठोकून सरळ करायचा तर गाडी उतरवायला हवी, आणि ट्रेलर मागे उभा असताना उतरायच्या फळ्या लावणार कुठे. म्हणून ट्रेलर सोडला, गाडी उतरवली, फाळका ठोकला. गाडी पुन्हा चढवायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, माझी गाडी मी चढवणार, किल्ली कुणाला देणार नाही. आणि चढवली, ताई. त्या दोन फळ्यांवरून अशी सरळ नेली की पंपावरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

इथे एक छोटीशी गोष्ट आमच्या कुणाच्या लक्षात आली नाही. ओनेझिमने फळ्या काढल्या, पट्टे आवळले, पिकअप मागे घेऊन ट्रेलर जोडला, आणि मग वर बघून म्हणाला, आई, तू अजून वरच आहेस. मी म्हटलं, मग काय उडून येऊ? खाली उतरवायला पुन्हा ट्रेलर सोडा, फळ्या लावा, आणि माझे गुडघे तर फळ्या नसताना पाव इंचही उतरत नाहीत. कॅम्प तिथून दोन मैल. बसून राहा, मी पायी चालल्यासारखं चालवतो, म्हणाला. नोएली पुढे त्याच्या शेजारी बसली आणि मी वर. गाडीला पोरांनी कार्निव्हलच्या जांभळ्या-हिरव्या-सोनेरी माळा लटकवल्या होत्या, छत होतं, मला ऊन लागत नव्हतं. प्रवासाच्या या पद्धतीत मला काही खोट दिसली नाही.

चौकात पोलीस उभा होता, आडवी फळी लावून. त्याने आम्हाला पाहिलं. माळा लावलेली उंच बैठक, वर एक म्हातारी, मागे पांढरा लांबलचक ट्रेलर. त्याने घड्याळ पाहिलं, मान हलवली, आणि आम्हाला कार्निव्हलचा चित्ररथ समजून, उशीर केलात म्हणून ओनेझिमला दटावून फळी उचलली. आम्ही मिरवणुकीत शिरलो, ताई. पुढे बँड, मागे मगरीच्या वेशातले चौघे. परत फिरायला जागा नाही.

आता तुला आपल्या लोकांचं माहीतच आहे. मोठ्या रस्त्यावरून कुणी हळू जाऊ लागलं आणि त्याने चुकून डोकं खाजवायला जरी हात वर केला, तरी दोन्ही बाजूंनी शंभर हात वर होतात, टाका, टाका, मला टाका. मी तरी किती वेळ नुसती हसणार? आधी गाडीवरच्या माळा टाकल्या. मग पंपावरचे कागदी रुमाल. मग तुझ्यासाठी आणलेल्या पेकनच्या मिठाईची अख्खी पिशवी, एकेक करून (त्याबद्दल माफी, एक तर मगरीनेच झेलली). नोएलीने खिडकीतून ओरडून सांगितलं की आजी, बस्स कर. पण ताई, रिकाम्या हाताने मिरवणुकीत बसणारी बाई आपल्या घराण्यात झालेली नाही.

असं करत आम्ही चर्चच्या पायऱ्यांपाशी आलो.

तिथे जांभळ्या टोपीत, घडीच्या खुर्चीवर, युलाली बसली होती. हो, तीच. तुझ्यापासून तीन घरं पलीकडची. जिने अडतीस वर्षांपूर्वी चर्चच्या जत्रेत, तू पाठ वळवलीस तेवढ्यात, तुझ्या गंबोच्या पातेल्यात टोमॅटो घातला, आणि आपल्या घरात गंबोच्या रश्श्यात टोमॅटो म्हणजे पाप. तेव्हापासून तू रविवारची प्रार्थना सोडून शनिवारी संध्याकाळी जातेस, आणि दुकानात जायला लांबचा रस्ता घेतेस, त्या कमरेने. त्याआधी तुम्ही दोघी एकाच होडीत खेकडे पकडत होतात आणि मला घ्यायच्या नाहीत, मी लहान म्हणून. हे मी काही मनात धरलेलं नाही. सहज आठवलं.

बरं, तर पत्र आवरते. इथे हवा छान आहे, फाळका जवळजवळ बंद होतो, आणि मी रोज गाडीतून सगळ्या कॅम्पची खबर घेते. ऑपरेशननंतर तुझ्याजवळ कोण राहणार, असं मी मागच्या वेळी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, कोंबड्या आहेत. कोंबड्यांना पाणी उकळता येत नाही, ताई. घरी परतले की मी साठ मैलांवर, आणि माझे गुडघे हे असे.

तुझी, तीन वर्षं आईच्या माळेचं ओझं गळ्यात घेऊन फिरलेली,
अझेली

ता. क. ते ओझं आता गळ्यात नाही. गळ्यातल्या कार्निव्हलच्या माळा काढून फेकताना गडबडीत आईची माळही त्यांच्यासोबत गेली. युलालीने झेलली. या वयात, बसल्या जागेवरून, एका हाताने. मला कौतुकच वाटलं.

ता. क. २. आज सकाळी प्रार्थना आटोपून ती इथे कॅम्पवर आली होती. मी म्हटलं, दे इकडे, मंगळवारी झुल्माला पोचवते. ती म्हणाली, “ही माळ मी तुमच्या आईच्या हातात पाहिलेली आहे. झुल्माच्याच हातात देईन. तिला म्हणावं, येऊन घेऊन जा, कॉफी तयार असेल.” मग जायला निघाली, थांबली, आणि विचारलं, “कंबर डावीकडची की उजवीकडची?” मी सांगितलं, डावीकडची. म्हणाली, मग पायऱ्यांना उजवीकडे कठडा लागेल, जावयाकडून उद्याच बसवून घेते. तेव्हा माझी विनंती एवढीच की तू जा. तीन घरं आहेत, ग्रांशेन ओलांडायचं नाही. आणि कॉफीत कुणी टोमॅटो घालत नाही.

ता. क. ३. नोएली याखाली काहीतरी लिहिते आहे आणि मला वाचून दाखवत नाही. जे काय असेल ते खोटं समज.

(मावशीआजी, मी पुढे बसले होते आणि बाजूच्या आरशातून सगळं दिसत होतं. आजीने कार्निव्हलच्या माळा केव्हाच टाकून संपवल्या होत्या. चर्चपाशी तिने पिकअपच्या छतावर काठी आपटून बाबांना थांबायला लावलं, आधी “युलाली” अशी हाक मारली, ती उठून उभी राहीपर्यंत वाट पाहिली, आणि मग फेकली. — नोएली)