मध्यंतरानंतरचं जहाज

अल गराफा, दोहा
ता. ३ ऑक्टोबर २०२५

ती. अनीसाआपास जाहिदाचा सलाम. वि. वि.

आमच्या शेजारचा हमीद उद्या रत्नागिरीला निघालाय, त्याच्या हाती खजूर आणि हे पत्र देते आहे. फोनवर तुझी सून स्पीकर लावते आणि अख्खं घर ऐकतं, म्हणून हा उद्योग.

आमच्या माहिराच्या डोक्यात नवीनच खूळ शिरलंय. डिसेंबरात निकाह झाला की तबिशबरोबर थेट जहाजावर जायचं म्हणते! जावई गॅसच्या जहाजावर ऑफिसर आहे, कंपनी बायकोला सोबत नेऊ देते, सगळं मान्य. पण मी म्हटलं, बाई गं, माझ्याजवळ राहा, चार-सहा महिन्यांत येईलच तो. मी नाही का तुझ्या अब्बांसाठी चार वर्षं थांबले? तर इंग्रजीत काहीतरी पुटपुटली. तिचा बाप नसरुद्दीन रास लफानच्या गॅस प्लँटवरून ड्यूटी करून येतो, पोरीचं पोरीला ठरवू दे म्हणतो आणि घोरायला लागतो.

आता तूच तिला आपल्या त्या इंग्रजी पिक्चरची गोष्ट लिही. शिवणाच्या क्लासचं नाव सांगून पाहिला होता बघ, तलवारी आणि शिडाच्या जहाजांचा. कप्तान दूर जातो आणि नकाशेवाल्याची मुलगी रोज माडीवर कंदील लावून त्याची वाट बघते. ती वाचून पोर विरघळेल. खालाचं ती ऐकते.

तुझ्या दुवांची भुकेली,
जाहिदा

रत्नागिरी
ता. १८ ऑक्टोबर २०२५

चि. जाहिदास अनेक दुवा.

खजूर पोचले आणि संपलेही. इथली शेजारीण उजमा दोह्याला परत निघालीय, तिच्याबरोबर सुकट आणि कोकम पाठवतेय. तिच्या बॅगेला वास लागला तर माझं नाव सांगू नकोस.

गोष्ट लिहीन गं, पण हल्लीची पोरं पाहिल्याशिवाय काही मानत नाहीत. माहिरालाच तो पिक्चर शोधायला सांग. सगळे मिळून बघा, आणि या खेपेला शेवटपर्यंत बघा. आपण मध्यंतरालाच उठलो होतो, आठवतं ना? खाडीवरची होडी चुकली असती तर अब्बांनी तंगडी मोडली असती.

नसरुद्दीनला सलाम. त्याला म्हणावं, पिक्चर चालू असताना घोरू नकोस.

तुझीच,
अनीसा

अल गराफा
ता. ७ नोव्हेंबर २०२५

आपा, सलाम तर करते, पण रागाने!

माहिराने तो पिक्चर चुटकीसरशी शोधला. आज जुम्म्याची बिर्याणी खाऊन सगळे बसलो. मध्यंतरापर्यंत सगळं तस्सं होतं, कप्तानाचा तो पांढरा सदरासुद्धा. नसरुद्दीनही जागा राहिला. आणि पुढे? कंदीलच नाही! ती मुलगी झग्याचा घोळ कमरेला खोचते, दोराला लटकून सरळ जहाजावर उडी घेते आणि वादळात सुकाणू धरून वर त्या कप्तानालाच झापते. माहिरा सोफ्यावर उभी राहून नाचली. खलास, अम्मी, खलास म्हणून ओरडत होती. माझं तोंड बघण्यासारखं झालं असेल.

थिएटरच्या डोअरकीपरच्या बहिणीने शेवट सांगितला म्हणाली होतीस ना? तुझ्या त्या शेवटापायी मी चार वर्षं मगरीबच्या नमाजानंतर खिडकीत कंदील ठेवला. आणि नवरा आला तो भरदुपारी, एस.टी.ने! खरं सांग, कुणी सांगितला होता तुला तो शेवट?

रागावलेली, तरी तुझीच,
जाहिदा

रत्नागिरी
ता. २१ नोव्हेंबर २०२५

चि. जाहिदास दुवा, आणि थोडं पाणी पी.

कुणी नाही सांगितला, मीच रचला! होडीत बसल्याबरोबर कप्तान आता मरणार म्हणून तू हमसून हमसून रडायला लागलीस. पलीकडचा काठ यायच्या आत काहीतरी शेवट करणं भाग होतं. दोराला लटकणारी बाई मला कुठून सुचणार गं? आपल्या घरात सगळ्या वाट बघणाऱ्याच होत्या.

आणि कंदिलाला कशाला नावं ठेवतेस? तू थांबलीस ती व्हिसा नव्हता म्हणून. व्हिसा आला तेव्हा माझी नवी चप्पल घालून दोह्याला पळालीस, ती अजून परत आली नाही. माहिराला तर आजच जाता येतंय.

तुला भीती रिकाम्या घराची आहे, मला कळतं. तू गेलीस तेव्हा कितीतरी दिवस मी चुकून तुझंही ताट मांडत होते. पण तुला अडवलं नाही.

निकाहाला इकडे येशील तेव्हा भांडू.
अनीसा

अल गराफा
ता. १६ जानेवारी २०२६

ती. आपास सलाम. वि. वि.

निकाहात आपण भांडायचंच विसरलो. तुझी सांदणं इथे पोचेपर्यंत टिकली, त्याबद्दल शुक्रन.

माहिरा काल गेली. रास लफानच्या बंदरात आम्हाला कोण आत सोडणार? नसरुद्दीन तिला गेटपर्यंत पोचवून आला आणि कधी नव्हे तो न जेवता माझ्याजवळ बसून राहिला. मग तबिशने जहाजावरून व्हिडिओ कॉल लावला. केवढं ते धूड! बाजूला शिडी लोंबत होती आणि खालून आपली पोर चढत होती, डोक्यावर पिवळं हेल्मेट, ओढणी कमरेला घट्ट खोचलेली. अर्ध्यावर थांबून तिने वर बघून हात हलवला. खाली नुसतं पाणी, आपा. पण ती चढली.

डोळ्यांना धार लागली होती तरी मी उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी थिएटरात वाजवायच्या राहून गेल्या होत्या ना, त्या.

तुझी, या वेळी शेवटपर्यंत बसलेली,
जाहिदा