फ्रेम स्टीलचीच घे

तेजू,

तू झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. ओझरला जायची कंपनीची बस गाठायची आहे.

रविवारी तू सायकल खोलून बसली होतीस आणि मी तुझ्या हातातून पाना हिसकावून घेतला, ते चुकलंच माझं. सायकलवरून पडून तुझ्या कोपराला पडलेले टाके बघून मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मी ओरडतो. आईला विचार.

काल नव्या सायकलच्या भागांची तुझी यादी घेऊन सायकलच्या दुकानात गेलो होतो. ॲल्युमिनियमची फ्रेम हलकी आहे खरी, पण उड्या मारायच्या सायकलला ती नको. तडकते तेव्हा आधी कळतसुद्धा नाही. पंचवीस वर्षं धातूत हात घातलेत, तेवढं ऐक आणि स्टीलचीच घे. गिअर काढून टाकायचं तुझं म्हणणं पटलं. चाकं मात्र छत्तीस स्पोकचीच हवीत.

दुकानदार म्हणाला, "मुलीसाठी ना? पुढे बास्केट लावून देऊ?"

मी म्हटलं, "अहो, ती हवेत उडते. बास्केटमधलं सामान कोण वेचत बसणार?"

स्टीलची फ्रेम सांगून आलोय, शनिवारी येईल. कॅनॉलजवळच्या मातीच्या ढिगावरून पहिली उडी मारशील तेव्हा मला बोलाव. लांब उभा राहीन, पण डोळे मिटणार नाही.

पप्पा