दुसरी ओळ

दि. ९ सप्टेंबर, दुपार

प्रिय धाकट्यास,

ताईचा सप्रेम सलाम. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पत्ता आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांकडून घेतला. बारा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस.

मी अजून इस्पितळाच्या धुलाईखान्यातच आहे. आता धुण्यावर नाही, घड्यांवर. दिवसाला तीनशे चादरी. उजवा खांदा कामातून गेलाय. घरी आले की पपांचं सुरू. दीड वर्षापूर्वी त्यांचे पाय गेले. जीभ शाबूत आहे, ही देवाची कृपा की काय ते तूच ठरव. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, फार तर महिनाभर. हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

संध्याकाळची प्रार्थना अजून होते, तशीच ओळी वाटून. पहिली पपांची, दुसरी तुझी, मग माझी, मग आईची. आई गेल्यावर तिची मी घेतली. तुझी मात्र पपा कुणाला घेऊ देत नाहीत. तिथे आले की थांबतात, घसा खाकरतात आणि मला पुढचं म्हणायची खूण करतात. म्हणजे 'तुझे राज्य येवो' हे आपल्या घरात बारा वर्षं कुणी मागितलंच नाही. आलं नाही तर नवल काय!

त्या संध्याकाळी तुझी पाळी आली आणि तू म्हणालास, "कशाला मागू? या घरात पपांचं राज्य आहे, देवाला शिरायला जागा कुठाय?" पपांनी ताट भिरकावलं. तू तसाच अनवाणी गेलास. भिंतीवरचा डाग मीच पुसला.

पाळकसाहेब येतात, पलंगाशी बसून समजावतात, की ते राज्य म्हणजे वरचं कुठलं गाव नव्हे, जिथे देवाच्या मनासारखं होतं तिथे ते आलंच. ऐकता ऐकता मला डुलकी लागते. माझ्यापुरतं सांगू? कुणीतरी म्हणावं, "बाई, तू बस, आजचं मी बघते." एवढ्यावरसुद्धा मी म्हणेन, आलं बाबा एकदाचं.

आता मुद्द्याचं. किती वेळ टाळतेय बघ.

गेल्या वर्षी पपांनी मला कागद घ्यायला लावला. "लिही त्याला, तू बोललास ते खरं होतं. देवाचं नाव घेऊन मी माझंच चालवलं. घरी ये." मी लिहिलं, घडी केली, बाहेर पडले आणि कोपऱ्यावर फाडून टाकलं. नंतर पुन्हा एकदा लिहवून घेतलं, तेही फाडलं. दर आठवड्याला विचारायचे, "उत्तर?" मी म्हणायचे, "नाही आलं." का, ते विचारशील. मला दिसत होतं ना: तू येणार, दोघं गळ्यात पडून रडणार, आणि मी आत चहा ठेवत असणार. माझा जळफळाट झाला रे.

परवा राहवलं नाही. पलंगाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझा हात थोपटला आणि म्हणाले, "भावाला पाठीशी घालतेस. लहानपणापासूनची तुझी खोड." शपथ घेतली तरी ऐकेनात. काल पाळकसाहेबांना कौतुकाने सांगत होते, "बघा माझी पोर, भावाचा दोष स्वतःच्या अंगावर घेते. देवाचं राज्य असल्यांचंच." इतकी वर्षं उस्तवार केली, कधी चांगला शब्द निघाला नाही. निघाला तो हा. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पपा तुझी वाट बघतायत, म्हणून ये, असं लिहिणार होते. तेही खरंच आहे. पण मी माझ्यासाठी बोलावतेय. त्यांच्यासमोर उभा राहा आणि सांग, की हिने पत्र टाकलंच नाही. तुझ्या तोंडून ऐकलं तर पटेल त्यांना. मग मला काय बोलायचं ते बोलू देत, मी ऐकून घेईन. मला चांगली समजून ते डोळे मिटतील, एवढं मात्र होऊ देऊ नकोस.

पपांनी चुकून धन्य ठरवलेली,
तुझी ताई