हार्डलीचं शेपूट

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज नातवाच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'हार्डली' दिसलं तर मी मनातल्या मनात तुमच्याशीच भांडायला बसले. तुम्हीच शिकवलं होतं ना, नामाबद्दल सांगायचं तर विशेषण, क्रियापदाबद्दल सांगायचं तर क्रियाविशेषण, आणि विशेषणाला 'ली'चं शेपूट लावलं की काम झालं! स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली. मग मी निबंधात 'माय फादर वर्क्स हार्डली' लिहिलं, त्यात माझं काय चुकलं? तुम्ही भर वर्गात कपाळाला हात लावलात. "अगं बये, हार्डला शेपूट लागत नाही. हार्डली म्हणजे जेमतेम. बाप कामच करत नाही म्हणतेस?" सगळा वर्ग खिदळला. माझा बा मिठागरात राबून राबून पायांना भेगा पडलेला, आणि मी त्याला ऐतखाऊ ठरवला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात बा म्हणाला, "शाळा पुरे झाली, आता मिठाच्या टोपल्या उचलायला चल." मी वर्गात दिसेनाशी झाले, तसे तुम्ही वसईहून उन्हातून चालत आमच्या उमेळ्याला आलात. अजून दिसतंय मला. तुम्ही ओट्यावर बसलाय, आईनं दिलेला कोरा चहा हातात, बा समोर उभाच. "पोरीनं तुमच्यावर इंग्रजीत काय लिहिलंय ठाऊक आहे?" तुम्ही विचारता. "काय लिवलंय?" "माझे वडील फार कष्ट करतात." आणि इंग्रजीतही म्हणून दाखवता, शेपूट गुपचूप कापून. मी दाराआड, मान खाली घालून. बा वळून दाराआड माझ्याकडे बघतो. मग म्हणतो, "उद्यापासून येईल ती."

पुढे मी मॅट्रिक झाले, मास्तरीण झाले, तुम्ही गेलात. बा थकल्यावर एकदा धीर करून मी त्याला खरं काय ते सांगितलं, तर तो हसतच सुटला. "मला तवाच कळलं व्हतं, तुझं तोंड बघून. मास्तर थाप मारत व्हता."

"मग पाठवलंस कशाला?"

"जिच्यापायी मास्तर एवढ्या उन्हात चालत येतो आनि खोटं बोलतो, तिच्या डोक्यावर मी मीठ कसं देऊ?"

हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, सर. आता हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार! पण एक कबूल करते. हल्ली बाला आठवायला डोळे मिटले की आधी तुम्हीच समोर येता. तो तिकडे भेटला तर एवढं मात्र त्याला सांगू नका.